केसांच्या औषधाचा पाच वर्षांचा हिशेब

माझ्या भाच्यासाठी घरात मुली बघायला सुरुवात झाली आणि स्थळांना पाठवायचे फोटो निवडताना त्याची नजर चेहरा सोडून कपाळावर जाऊ लागली. वय २७, हिंजवडीत नोकरी. एका शनिवारी तो भरलेली कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मावशी, तू ग्राहकांच्या तक्रारी बघतेस ना? मग जरा हे बघ. आईला अजून सांगितलेलं नाही."

पिशवीत एका हेअर क्लिनिकचं सहा महिन्यांचं 'पॅकेज' होतं. किंमत ४८,००० रुपये, तीही हप्त्यांनी. आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक वस्तू वेगळी मांडली. मिनॉक्सिडिलच्या ६ बाटल्या, छापील किंमत प्रत्येकी ७०० रुपये. फिनास्टेराइडच्या १८० गोळ्या, गोळीमागे १० रुपये. या दोन ढिगांची बेरीज भरली ६,००० रुपये. उरलेल्या ४२,००० रुपयांत बायोटिनच्या गोळ्या, शाम्पू, दोन सीरम आणि टाळूत इंजेक्शनं देण्याच्या ४ बैठका होत्या. ज्या औषधांमागे भक्कम पुरावा आहे, त्यांच्या वाट्याला आठातला एक रुपया आला होता. त्याहून मला खटकलं ते वेगळंच. पांढरा कोट घातलेल्या ज्या माणसाने गोळ्या सुरू करून दिल्या, त्याने कधी नैराश्य आलं होतं का, मुलाबाळांचा विचार कधीचा आहे, असलं काहीही विचारलं नव्हतं.

औषधाच्या दुकानात आपण "बाटली केवढ्याला?" असं विचारतो. केसांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात. इथे केस विकत मिळत नाहीत, ते भाड्याने राखावे लागतात. भाड्याचं घर घेताना आपण पहिल्या महिन्याचं भाडं पाहून सही करत नाही. करारातल्या अटी वाचतो, दरवर्षीची वाढ विचारतो, आपल्याला किती वर्षं झेपेल ते बघतो. भाच्याला मी तेच करायला लावलं. लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्याच क्रमाने इथे देते.

हे टक्कल नक्की कोणत्या प्रकारचं?

पैसे खर्च करायच्या आधीचा हा प्रश्न आहे. पुरुषांमधलं नेहमीचं टक्कल ठरावीक वाटेने येतं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात किंवा भोवऱ्याजवळ टाळू दिसू लागते. कानांवरची आणि मानेवरची पट्टी मात्र शाबूत राहते. हे वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. गळून गेलेल्या जाड केसाच्या जागी दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते.

यामागे डीएचटी नावाचं संप्रेरक आहे. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचं एका विकरामुळे डीएचटीत रूपांतर होतं आणि ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला संवेदनशील असतात, त्यांचे केस बारीक होत जातात. डॉमिनिकन रिपब्लिक या देशातल्या एका गावात काही कुटुंबांतल्या मुलग्यांमध्ये हे विकर जन्मापासूनच कमी पडत होतं. ज्युलियॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं मोठी होऊन बाप्ये झाली तरी त्यांना असं टक्कल पडत नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहत होती. हे विकर अडवणाऱ्या औषधाची वाट इथून उघडली.

"टक्कल आईच्या वडिलांकडून येतं" हे आपल्याकडे ठामपणे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण इतर अनेक जनुकं दोन्ही घरांकडून येतात. हेल्मेट, टोपी किंवा रोज डोक्यावरून अंघोळ यांनी हे टक्कल पडत नाही.

आता जे हे नव्हे ते. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा झटपट वजन घटवणं यांनंतर २–३ महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात. ही गळती बहुधा आपोआप थांबते आणि केस परत येतात. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई; तिचा उपचार निराळा. खाज, पापुद्रे, पू असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. थायरॉइड आणि रक्तक्षय यांनीही केस जातात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बायका-मुलांसह अनेकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा तपासात सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे बोट दाखवलं गेलं. तसली गळती आणि वर्षानुवर्षं मागे सरकणारं कपाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर दुसरीचं औषध लावलं तर पैसे जातात आणि खरं कारण तसंच राहतं.

म्हणून पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञाचा. खासगीत शहर आणि डॉक्टर यांनुसार एका भेटीचे साधारण ५०० ते १,५०० रुपये पडतात. पुण्याचं ससून, मुंबईतली केईएम, नायर, सायन, जेजे, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय, अशा रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात हीच तपासणी किरकोळ शुल्कात होते. रांगेचा वेळ मात्र धरून चाला. रक्ततपासणी प्रत्येकाला लागत नाही. गळती अचानक किंवा सरसकट असेल तर डॉक्टर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड यांसारख्या तपासण्या सांगतात. त्यांना १,००० ते २,५०० रुपये लागू शकतात.

औषधं किती आणि कोणती?

दुकानात शंभर नावं दिसतात. पुराव्याच्या कसोटीवर दोनच नावं आधी घ्यायची.

*मिनॉक्सिडिल.* हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ मध्ये अमेरिकेत गोळीच्या रूपात आलं आणि घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले. मग ते टाळूवर लावायचं द्रावण झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेने पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता दिली. ते डीएचटीला हात लावत नाही. केसाचा वाढीचा काळ लांबवतं. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण २ टक्क्यांच्या द्रावणापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं आहे.

*फिनास्टेराइड.* विकर अडवणारी गोळी ती हीच. ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये टकलासाठी अमेरिकेत मान्य झाली. रक्तातलं डीएचटी ती सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते. पाच वर्षांच्या चाचणीत तज्ज्ञांनी फोटो पडताळले, तेव्हा गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी ४८ जणांचे केस वाढले होते, ४२ जणांचे होते तेवढेच राहिले होते आणि १० जणांचे कमी झाले होते. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ७५ जणांचे केस कमी झाले होते. हे आकडे नीट समजून घ्या. या गोळीचं पहिलं काम आहे ते राखण्याचं. "होते तेवढेच राहिले" हासुद्धा औषधाचा गुणच आहे.

याखेरीज दोन नावं कानावर येतील. ड्युटास्टेराइड डीएचटी याहून जास्त खाली आणतं; टकलासाठी त्याला दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये मान्यता दिली. ते शरीरात कित्येक महिने रेंगाळतं, त्यामुळे डॉक्टरांनी निवडलेल्या रुग्णांसाठीच ते ठीक. दुसरं म्हणजे मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळी. ती स्वस्त आहे आणि तिचा वापर वाढला आहे. पण मूळची ती रक्तदाबाची गोळी आहे. पाय सुजणं, छातीत धडधड, चक्कर असे त्रास तिने होऊ शकतात. हृदयाचा आजार असलेल्याने किंवा रक्तदाब न मोजता कुणीही ती मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नये.

महिन्याला किती, वर्षाला किती?

पुढचे आकडे शहरी दुकानांतल्या नेहमीच्या किमतींवरून अंदाजासाठी काढले आहेत. तुमच्या पाकिटावरची छापील किंमत घालून तुम्ही ते पुन्हा मांडा.

- फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम: गोळीमागे ६ ते १२ रुपये. रोज एक धरली तर वर्षाला सुमारे २,२०० ते ४,४०० रुपये.
- मिनॉक्सिडिल ५ टक्के, ६० मिलिलिटर: कंपनीनुसार ३५० ते ९०० रुपये. दिवसातून दोनदा १ मिलिलिटर लावलं की बाटली महिन्यात संपते. वर्षाला ४,२०० ते १०,८०० रुपये. फेसाच्या रूपातलं घेतलं तर जास्त.
- डॉक्टरांच्या भेटी: पहिल्या वर्षी तीन, नंतर वर्षाला एक.

दोन्ही औषधं, तीन भेटी आणि गरज पडल्यास तपासण्या धरून पहिलं वर्ष साधारण ९,००० ते २२,००० रुपयांत बसतं. पुढची वर्षं प्रत्येकी ७,००० ते १७,००० रुपयांत. पाच वर्षांचा आकडा ३६,००० ते ८९,००० रुपयांच्या दरम्यान येतो, आणि त्यात औषधांची दरवाढ धरलेली नाही. नुसती गोळी घ्यायची ठरली तर औषधाचा पाच वर्षांचा खर्च ११,००० ते २२,००० रुपये.

भाच्याने हा आकडा वहीत लिहिला आणि क्लिनिकच्या पावतीशेजारी ठेवला. सहा महिन्यांच्या ४८,००० रुपयांत दोन्ही औषधं मध्यम भावाने चार-पाच वर्षं मिळाली असती.

खर्च कमी कसा करायचा?

डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत लिहायला सांगा आणि दुकानात त्याच नावाने भाव विचारा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत दुपटीहून जास्त फरक दिसतो. जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर कराची टक्केवारी बघा. छापील किंमत ही कमाल किंमत असते. तिच्याखाली द्यायला दुकानदाराला कुणी अडवलेलं नाही. महिन्याचं औषध नियमाने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला अनेक दुकानं सवलत देतात, फक्त तोंड उघडून मागावी लागते.

५ मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे करण्याची युक्ती बरेच जण करतात, कारण तिची किंमत १ मिलिग्रॅमच्या पाचपट नसते. डॉक्टरांना विचारूनच हे करा. तुकडे सारखे पडत नाहीत, आणि घरात गरोदर बाई असेल तर हे अजिबात करू नका. तुटलेल्या गोळीच्या भुकटीला तिचा हात लागता कामा नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्याने धोका पोचू शकतो.

खरी बचत नीट लावण्यात आहे. मी भाच्याला माझ्यासमोर मिनॉक्सिडिल लावायला सांगितलं. त्याने तेलकट केसांवरच ड्रॉपर दाबला, द्रावण कपाळावर ओघळलं, आणि टाळूवर पोचलं ते जेमतेम पाव. महिनाभर तो केसांना औषध पाजत होता, मुळांना काही मिळतच नव्हतं. मग आम्ही बेसिनच्या आरशासमोर पुन्हा सुरुवात केली. डोकं कोरडं, तेल नाही. कंगव्याच्या टोकाने भांग पाडायचा, ड्रॉपर १ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरायचा, भांगातल्या कातडीवर दोन-तीन थेंब सोडायचे, बोटाने पसरायचे, मग अर्धा इंच बाजूला दुसरा भांग. कपाळाचे कोपरे आणि भोवरा पुरा होईपर्यंत ड्रॉपर बरोबर रिकामा झाला. मग हात साबणाने धुवायचे आणि निदान चार तास डोकं ओलं करायचं नाही. झोपण्याआधी द्रावण वाळलेलं हवं, नाहीतर ते उशीला लागतं. एक वेळ राहिली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट ओतायचं नाही. त्याने फायदा वाढत नाही, बाटली लवकर संपते आणि त्रास वाढतो.

गुण कधी दिसतो? आधी केस जास्तच गळले तर?

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत मिनॉक्सिडिल लावणाऱ्या अनेकांचे केस जास्त गळतात. जुने केस जागा सोडतात आणि नवे वाढीला लागतात, त्याचा हा भाग आहे. नेमके याच वेळी घाबरून लोक औषध सोडतात आणि पहिल्या दोन बाटल्यांचे पैसे पाण्यात जातात. दोन्ही औषधांना तीन-चार महिने तरी द्यावे लागतात, आणि पक्का निर्णय वर्षभराने घ्यायचा. आरसा रोज बघितला तर काहीच कळत नाही. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा: समोरून, वरून आणि भोवऱ्याचा. हा पुरावा फुकट आहे आणि डॉक्टरांच्याही कामी येतो.

दुष्परिणामांचं खरं किती?

मिनॉक्सिडिलने टाळूला खाज, कोरडेपणा, लाली येऊ शकते. बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे तसं होतं. अशांना डॉक्टर फेसाचं औषध सुचवतात. द्रावण चेहऱ्यावर ओघळलं तर तिथे नको असलेले केस वाढतात. घरात तान्हं बाळ असेल तर आणखी जपा. औषध लावलेल्या बापाच्या डोक्याशी सतत संपर्क आल्याने बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी झाल्यावर युरोपीय औषध संस्थेने २०२४ मध्ये तशी सूचना दिली. बाळाला घ्यायच्या आधी द्रावण पूर्ण वाळलेलं असावं आणि बाळाचं तोंड-हात टाळूला लागू देऊ नयेत. मांजर पाळणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. सांडलेले थेंब आणि उशी तिला चाटू देऊ नका.

फिनास्टेराइडबद्दल कुजबुज फार आणि मोकळं बोलणं कमी. लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण, वीर्य कमी होणं हे त्रास होऊ शकतात. मान्यतेच्या वेळच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी यांपैकी काही तरी झालेल्यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होतं. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर गेला. पण काहींचा थांबवल्यावरही राहिल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१२ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात ती नोंद आली. २०२५ मध्ये युरोपीय संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं. हे वाचून घाबरून जाऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. आधी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. गोळी घेताना मन सतत खिन्न राहू लागलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. आणि घरातल्या एका माणसाला आपण ही गोळी घेतो हे माहीत असू द्या. भाच्याने त्याच संध्याकाळी आपल्या आईला सांगितलं. चोरून घेतलेल्या औषधाचा त्रास माणूस चोरूनच सोसत राहतो.

आणखी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात:

- मूल हवं असेल तर तसं सांगा. काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते. औषध बंद केल्यावर ती सुधारते.
- प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना गोळी चालू असल्याचं सांगा. तिच्यामुळे हा आकडा सुमारे निम्म्यावर येतो आणि धोका झाकला जाऊ शकतो.
- रक्तदान करायचं असेल तर फिनास्टेराइड थांबवून एक महिना आणि ड्युटास्टेराइड थांबवून सहा महिने थांबा. ते रक्त गरोदर बाईला जाऊ शकतं.

फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल एकत्र असलेली द्रावणं ९०० रुपयांच्या पुढे मिळतात. "लावायचं आहे, पोटात जात नाही, म्हणून धोका नाही," असं विकणारे सांगतात. ते बरोबर नाही. फिनास्टेराइड टाळूतूनही रक्तात उतरतं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा तयार मिश्रणांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये सावध केलं आहे.

बंद केलं तर?

मिनॉक्सिडिल सोडल्यावर तीन-चार महिन्यांत आणि फिनास्टेराइड सोडल्यावर साधारण वर्षभरात राखलेलं जातं. औषधामुळे टक्कल वाढत नाही. मधल्या काळात जेवढं पडलं असतं तेवढं गाठलं जातं. म्हणून दर वर्षाच्या शेवटी फोटो, त्रास आणि खर्च एकत्र मांडून पुढचं वर्ष घ्यायचं की नाही ते ठरवा. थांबायचं ठरलं तर त्यात हरल्यासारखं काही नाही. हे टक्कल जिवाला घातक नाही. शून्य रुपयांचा पर्याय पहिल्या दिवसापासून तितकाच मानाचा आहे.

कशावर पैसे घालवू नयेत?

बायोटिन: शरीरात त्याची कमतरता क्वचितच असते, आणि कमतरता नसलेल्याच्या टकलावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट जास्त मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिनच्या तपासणीत चुकीचे आकडे येऊ शकतात.

तेल आणि शाम्पू: केस मऊ, स्वच्छ राहतात एवढंच त्यांचं काम. डीएचटीशी त्यांचा संबंध नाही. मालिश आवडत असेल तर घरच्या खोबरेल तेलाने करा. त्यासाठी हजाराची बाटली नको.

पीआरपी: स्वतःच्या रक्तातला बिंबाणूंचा भाग टाळूत टोचतात. बैठकीला साधारण ३,००० ते १०,००० रुपये, तीन-चार बैठका, मग अधूनमधून पुन्हा. काही अभ्यासांत फायदा दिसतो, पण करायची पद्धत जागोजागी वेगळी आहे. दोन्ही औषधं वर्षभर नीट घेऊन झाल्यावरच त्याचा विचार करा.

केसांचं प्रत्यारोपण: ग्राफ्टमागे, म्हणजे मुळासकट काढून लावलेल्या केसांच्या एका पुंजक्यामागे, २५ रुपयांपासून पुढे दर सांगतात, २,००० ग्राफ्टना ५०,००० पासून दीड लाखापर्यंत जातात. केस प्रत्यारोपण जीएसटीच्या आरोग्यसेवेच्या सवलतीत येत नाही, त्यामुळे १८ टक्के वेगळे. "दरात कर धरला आहे का?" हे लिहून घ्या. सौंदर्योपचार म्हणून आरोग्य विमाही हा खर्च देत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मधले जुने केस जातच राहतात. म्हणून प्रत्यारोपणानंतरही औषधांचा खर्च बहुधा सुटत नाही. पंचविशीच्या आत घाईने करून घेतलेलं प्रत्यारोपण पुढे मागच्या टकलामुळे बेटासारखं उघडं पडतं.

फसवणूक कशी ओळखायची, तक्रार कुठे?

टक्कल बरं करण्याचा दावा औषधाने करू नये, असा आपल्याकडे कायदाच आहे. औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये ज्या व्याधी दिल्या आहेत, त्यांत टक्कल आहे. त्यामुळे "मुळापासून कायमचा इलाज" अशी जाहिरात दिसली की पाकीट खिशातच ठेवा. आगाऊ पूर्ण रक्कम, "आजच भरलं तर सवलत", कर्जाचे कागद भेटीच्याच दिवशी पुढे करणं, चिठ्ठीवर औषधाऐवजी 'किट'चं नाव असणं, या चार खुणा मी भाच्याच्या पावतीवरच मोजल्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. ऑनलाइन प्रश्नावलीवर टिचकी मारून मिळालेली गोळी म्हणजे तपासणी नव्हे.

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.
- औषधाबद्दल तक्रार: महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासन, १८०० २२२ ३६५.
- दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो: १८०० १८० ३०२४.
- जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. बिल, पावती, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बाटल्यांचे फोटो जपून ठेवा.

भाच्याने क्लिनिकला लेखी पत्र दिलं. न झालेल्या बैठकांचे पैसे बऱ्याच खेपांनंतर परत आले, सीरमचे आले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन त्याने रक्तदाब मोजून घेतला, दुष्परिणाम समजून घेतले आणि दोन्ही औषधं नव्याने सुरू केली. चौदा महिन्यांनी तो पुन्हा त्याच टेबलाशी बसला होता. वहीत एका पानावर फोटोंच्या तारखा, दुसऱ्यावर खर्च: वर्षाचे ११,४०० रुपये. भोवरा होता तेवढाच होता. कपाळाचे कोपरे जरा भरले होते, ओळखू येईल न येईल इतके. "पुढचं वर्ष घेतो," तो म्हणाला. "एवढ्यासाठी एवढे पैसे मला पटतात. पण आता कुणी विचारलं तर मी बाटलीचा भाव सांगत नाही, हे पान दाखवतो."

तुम्हीही औषध आणण्याआधी असं एक पान काढा. वर निदान आणि ते करणाऱ्या डॉक्टरांचं नाव लिहा, खाली औषधाचं मूळ नाव, वर्षाचा खर्च, पाच वर्षांचा खर्च, आणि ज्या दिवशी थांबून पुन्हा विचार करायचा ती तारीख. यातली एकही जागा रिकामी असेल तर पैसे द्यायची वेळ अजून आलेली नाही.